ज्ञानगोष्टी : चालत्या डोंगरावर पहारा

घराच्या भिंतीस तडा गेला म्हणजे जाणता गवंडी त्यावर कांचेची बारीक पट्टी बसवितो. पट्टी फुटली, कीं भिंत अद्यापि सरकत आहे असें समजावें. पण भिंतीच्या ठिकाणीं सबंध डोंगरच असला तर?

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतांत टर्टल माउंटन नांवाचा चुनखडीचा डोंगर आहे. तेथील मूळ रहिवासी त्यास ‘चालणारा डोंगर’ म्हणत. तरीहि पायथ्याशीं कोळशाची खाण निघाली आणि फ्रँक नांवाचें गांव वसलें. ता. २९ एप्रिल १९०३ रोजीं पहांटे सुमारें ३ कोटी घनमीटर खडक सुटला आणि दीड मिनिटांत गांवाचा कांहीं भाग गाडला गेला. सत्तरांहून अधिक माणसें दगावलीं. खाणींत अडकलेले १७ मजूर मात्र कोळशांतून वाट खणीत जिवंत बाहेर आले. डोंगराच्या पोटांत होते ते वांचले, आणि अंथरुणांत निजलेले गेले!

या डोंगराचें दक्षिण शिखर भेगाळलेलें असून त्यावर शास्त्रज्ञांची नजर आहे. त्यांच्या साधनांपैकीं एक म्हणजे लेसर-मापन. अदृश्य प्रकाशाचा झोत कड्याकडे सोडावयाचा आणि तो परत येण्यास लागलेला वेळ मोजावयाचा, कीं अंतर निघालें. यांत सेकंदाच्या एक अब्जांश भागाची चूक झाली, तरी अंतर १५ सेंटिमीटरांनीं चुकतें! असे लाखों बिंदु मिळाले कीं कड्याची हुबेहूब आकृति तयार होते. कोणती भेग कोणत्या दिशेस किती कलली आहे, हें कड्यावर न चढतां कळतें. कांहीं महिन्यांनीं पुन्हां मापन करून दोन्ही आकृति एकमेकींवर ठेवल्या, कीं कोणता दगड निखळला व कोणता भाग पुढें झुकला तें दिसतें. विमानांतून मापन केल्यास पानांच्या फटींतून उतरलेल्या किरणांमुळें झाडीखालची जमीनहि उमटते. धुकें व पाऊस मात्र या किरणांस मानवत नाहींत; म्हणून अखंड पहाऱ्यास रडारची जोड देतात.

अवघड भाग यापुढचा. यंत्रानें सांगितलें, तरी दाराला कुलूप लावून निघावयाचें माणसांनींच. स्वित्झर्लंडमधील ब्रिएन्झ या लहानशा डोंगरी गांवीं मापनांवरून धोका ओळखून मे २०२३ मध्यें सर्वांस बाहेर काढलें. ता. १५ जूनच्या रात्रीं दरड कोसळली, आणि दगडांचा लोंढा अगदीं वेशीशीं येऊन थांबला. घरें वांचलीं म्हणजे ‘उगाच हलविलें’ असें म्हणणारे अशा वेळीं कोठेंहि निघतात. आम्हांस तें पटत नाहीं. जुलैमध्यें मंडळी परतली. नोव्हेंबर २०२४ मध्यें त्यांस पुन्हां घरें सोडावीं लागलीं.