सवंगड्याच्या दुःखाचें पुस्तक

दिवाळीची सुटी संपून शाळा भरली, म्हणजे अंबाडीच्या आसपास वर्गावर्गांतून बांकांवर कांहीं जागा रिकाम्या दिसूं लागतात. भिवंडी, वाडा व शहापूर या तालुक्यांतील कातकरी कुटुंबें या सुमारास वीटभट्ट्यांवर जातात, तीं पावसाच्या तोंडीं परततात. मुलेंही त्यांजबरोबर असतात. जाणाऱ्या मुलाचें शिक्षण बुडतें, ही चिंता पुष्कळांनीं वाहिली आहे, आणि ती योग्यच आहे. विधायक संसद या संस्थेनें १९९० नंतरच्या दशकांत भट्ट्यांवरच शाळा उघडल्या. भट्टीवरील मजुरांच्या झोपडीस भोंगा म्हणतात, म्हणून त्या भोंगाशाळा. मी आज लिहीत आहें तें मात्र जाणाऱ्याविषयीं नव्हे. त्याच्या शेजारीं बसणाऱ्या आणि मागें राहिलेल्या मुलाविषयीं.

असा एक मुलगा माझ्या पांचवीच्या वर्गांत होता. सोबती गेल्यापासून तो बांकाच्या एका टोकास बसे, आणि दुसऱ्या टोकास कोणी बसूं लागला कीं तेथें आपलें दप्तर ठेवी. मीं त्यास कांहीं विचारलें नाहीं. "अरे, दुसरा मित्र मिळेल," असें म्हणून गणिताची वही त्याच्यापुढें सरकविली. वीस वर्षें शिकविणाऱ्या मनुष्यास एवढेंच सुचावें, याची मला आज लाज वाटते.

पुढें एका शनिवारीं मीं वर्गास 'तोत्तोचान' वाचून दाखविलें. तेत्सुको कुरोयानागी या जपानी लेखिकेचें हें पुस्तक १९८१ सालीं निघालें. चेतना सरदेशमुख गोसावी यांनीं केलेला त्याचा मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टनें छापला आहे. आगगाडीच्या डब्यांत भरणाऱ्या तोक्योंतील तोमोए शाळेची ती हकीकत. तोत्तोचानचा एक मित्र पोलिओनें अधू झालेला असतो. ती त्यास शिडी लावून, ओढून, मोठ्या कष्टानें आपल्या झाडावर चढविते. पुढें तो मित्र मरण पावतो. लेखिका तें सांगते, पण त्यावर प्रवचन करीत नाहीं.

त्यांतील चित्रें चिहिरो इवासाकी या चित्रकर्त्रीचीं. ती १९७४ सालींच वारली होती, म्हणजे चित्रें या गोष्टीसाठीं काढलेलीं नव्हतच. तरी मुलांस तीं तोत्तोचानचींच वाटतात. चेहरे पुसट, डोळे म्हणजे बहुधा दोन ठिपके; बघणाऱ्यानें आपलें मन त्यांत घालावें, इतकी जागा तेथें मोकळी ठेविलेली आहे. माझा तो विद्यार्थी तास संपल्यावर टेबलापाशीं आला आणि एका चित्रावर बोट ठेवून म्हणाला, "सर, ही कोणाची वाट बघते?"

कोणी म्हणेल कीं लहानांस हंसरींखेळकर पुस्तकें द्यावीं. रडणें काय, पुढें आहेच. परंतु आपण मुलांपासून दुःख कधीं दूर ठेविलें आहे? रेव्हरंड टिळकांच्या 'केवढें हें क्रौर्य' या कवितेंतील घायाळ पक्षीण पिलांसाठीं घरट्याकडे येते, तें वाचून कित्येक पिढ्यांचे डोळे भरले. साने गुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत 'श्यामची आई' लिहिली, तीही घरोघर रडूनच वाचली गेली. मात्र दोहोंकडे शोक आई आणि लेंकरें यांचा आहे. आईच्या दुःखास आपण मान देतों. सवंगड्याच्या दुःखास हंसतों. सात वर्षांच्या मुलाचा मित्र गेला, तर तें आपणांस खेळणें हरविल्यासारखें वाटतें.

म्हणून मला आमच्या पहिली-दुसरीच्या मुलांसाठीं एक चित्रांचें पुस्तक हवें आहे. शब्द थोडे असावेत. भरून निघालेला ट्रक असावा, विटांची रास असावी, भोंगा असावा आणि अर्धा रिकामा बांक असावा. एक पान भट्टीवरच्या मुलाचेंही असावें, कारण त्याचाही मित्र येथेंच राहिलेला असतो. शेवटच्या पानावर नवा मित्र आणून सर्व कांहीं गोड करूं नये. शिक्षकानेंही वाचून झाल्यावर लगेच "यावरून काय बोध घ्याल?" असें विचारूं नये, मला स्वतःला ही खोड मोडावयास फार दिवस लागले. आपल्या माजी विद्यार्थ्यांत चांगलीं चित्रें काढणारे आहेत. त्यांपैकीं कोणी हें मनावर घेईल काय?

त्या मुलाचा सोबती जूनमध्यें परत आला, आणि दप्तर उचललें गेलें. यंदा दिवाळीनंतर तो पुन्हां गेला आहे.