खोक्याची किंमत

अमेरिकेतले संग्राहक जुन्या खेळण्यातल्या आगगाडीला दर्जा देतात. ‘ट्रेन कलेक्टर्स असोसिएशन’ ही त्यांची संघटना १९५४ साली पेनसिल्व्हेनियात निघाली. तिने रूढ केलेली दर्जांची भाषा लिलावात चालते, तशी घरगुती विक्रीतही चालते. सगळ्यात वरची पायरी सी-१०, म्हणजे ‘मिंट’. तिच्यासाठी गाडी कोरी हवी. एकदाही वापरलेली नको. मूळ खोक्यात हवी. आणि खोक्याबरोबर आलेला माहितीचा कागदही हवा.

त्या कागदावर काय असतं? रूळ कसे जोडायचे, ट्रान्सफॉर्मरच्या तारा कुठे लावायच्या, इंजिनाला तेल कुठे आणि किती घालायचं. म्हणजे गाडी चालवायची कशी, हेच सगळं. पूर्ण गुण हवे असतील तर हा कागद जपायचा आणि त्यातलं एकही वाक्य अमलात आणायचं नाही.

खोक्याला तर वेगळा दर्जा आहे. पी-१ ते पी-१०. झाकणाच्या पट्ट्या शाबूत आहेत का, कोपरे दबलेत का, दुकानदाराने लावलेली किमतीची चिठ्ठी ओरबाडून काढलीय का, हे बारकाईने पाहिलं जातं. लायोनेल कंपनीच्या १९५० च्या दशकातल्या केशरी-निळ्या खोक्यांना रिकाम्या अवस्थेतही गिऱ्हाईक असतं. काही खोकी आत ठेवलेल्या डब्याहून महाग जातात. पुठ्ठ्याची ही वस्तू उघडून बाजूला टाकण्यासाठीच केलेली होती. नाताळच्या सकाळी ज्या मुलाने अधीर होऊन ती फाडली, त्याने आपल्या गाडीचं मोल कमी केलं, असा हा हिशेब आहे. तो आपल्याला पटत नाही.

खोक्याच्या बाजूने एक मुद्दा मात्र मान्य करायला हवा. खोक्यावर क्रमांक छापलेला असतो. कोणतं इंजिन कोणत्या डब्यांबरोबर, कोणत्या संचात विकलं गेलं, हे त्यावरून कळतं. पन्नास-साठ वर्षांत घरं बदलतात, माळे रिकामे होतात, दोन संचांची सरमिसळ होते. अशा वेळी खोकं हा पुरावा असतो. पण रिकामी खोकी स्वतंत्र विकली जाऊ लागली की तो पुरावाही सैल होतो. एका घरातलं इंजिन दुसऱ्या घरातल्या खोक्यात जाऊन बसतं. जुन्या खोक्यांच्या नव्याने छापलेल्या प्रतीही मिळतात. इंजिन खोक्याचं आहे की खोकं इंजिनासाठी शोधून आणलेलं आहे, हे मग पुन्हा तज्ज्ञालाच विचारावं लागतं.

आणि खोकं गाडी वाचवतं, हेही अर्धंच खरं. रंग वाचतो. पत्र्यावर पोचे येत नाहीत. पण इंजिनातलं वंगण वर्षानुवर्षं न फिरता पडून राहिलं की घट्ट होऊन बसतं. तारांवरचं रबर कडक होतं, तडकतं. महायुद्धापूर्वीच्या कित्येक गाड्यांचे ओतीव भाग तर वापराशिवायच फुटले आहेत. जस्ताच्या मिश्रधातूत शिसं मिसळलं गेलं की धातू आतून फुगतो, त्याला चिरा जातात, शेवटी त्याचा चुरा होतो. अमेरिकेतल्या गाड्यांना हे झालं, इंग्लंडमधल्या हॉर्नबीच्या गाड्यांनाही झालं. तो रोग खोकं उघडलं होतं का, हे विचारून येत नाही.

१९५७ साली लायोनेलने मुलींसाठी म्हणून एक संच काढला. इंजिन गुलाबी, डबे फिक्या पिवळ्या, निळ्या, जांभळ्या रंगांचे. तो खपला नाही. ज्यांच्यासाठी काढला त्यांना तो नकोच होता. आज महायुद्धानंतरच्या लायोनेल गाड्यांमध्ये त्याला मोठी मागणी आहे, इतकी की गुलाबी रंग मूळचा की मागाहून दिलेला, हे तपासणं हेच विकत घेणाऱ्याचं पहिलं काम होऊन बसलं आहे. दुर्मीळ वस्तू महाग असते, यात तक्रार करण्यासारखं काही नाही. बाजाराने बाजाराचं काम करावं. तक्रार आहे ती दर्जा देणाऱ्यांबद्दल. ओरखडा, पोचा, गंज, रंग, सुटा भाग, खोकं, कागद या सगळ्यांना त्यांच्या भाषेत नेमके शब्द आहेत. गाडी चालते का, या प्रश्नाचं उत्तर मात्र दर्जाच्या आकड्यातून मिळत नाही. विकणाऱ्याला वाटलं तर तो वेगळं लिहितो.

लायोनेलचा संस्थापक जोशुआ लायोनेल कावेन आपल्या पहिल्या गाडीची हकिगत सांगत असे. शतकाच्या सुरुवातीची गोष्ट. न्यूयॉर्कच्या एका दुकानाच्या काचेत माल मांडण्यासाठी त्याने विजेवर फिरणारी उघडी लाकडी वाघीण करून दिली. गिऱ्हाइकांनी तिच्यातला माल सोडून वाघिणीलाच मागणी घातली. का? ती फिरत होती म्हणून. या धंद्याची उभारणी त्या एका गोष्टीवर झाली.

हे सांगायचं कारण म्हणजे दर्जाचे हे शब्द आता संग्राहकांपुरते राहिलेले नाहीत. आजोबांच्या माळ्यावरची गाडी घेऊन नातवंडं तज्ज्ञाकडे जातात. तज्ज्ञ गाडी उलटी करतो. चाकं घासून चकचकीत झालेली दिसतात. मधल्या रुळावरून वीज घेणारे रोलर झिजलेले असतात. खोकं नसतंच. ‘बरी आहे, फार काही येणार नाही,’ असं उत्तर मिळतं. पैशांपुरतं ते बरोबरही असेल. पण घरी जाताना माणसं दुसरंच ऐकून जातात: गाडी कामातून गेलेली आहे. मग ती भंगारात जाते, नाहीतर कुणाला तरी सहज देऊन टाकली जाते. ती झीज म्हणजे कुणीतरी कितीतरी संध्याकाळी जमिनीवर पालथं पडून ही गाडी चालवल्याची खूण होती. तज्ज्ञाच्या नोंदीत तिला फक्त दोष म्हणून जागा आहे.

आमची मागणी छोटी आहे. गाडीचा दर्जा लिहिण्याआधी ती रुळावर ठेवावी. जुन्या ट्रान्सफॉर्मरची वायर तडकलेली असेल तर तो बाजूला ठेवून चांगला वापरावा. सुकलेलं वंगण काढून थेंबभर तेल द्यावं. मग पाहावं: इंजिन पुढे जातं का, मागे येतं का, डबे ओढतं का, शिटी वाजते का, धूर येतो का. जे दिसेल ते रंग आणि खोक्याच्या आधी, पहिल्या ओळीत लिहावं. गाडी चालत नसेल तर तसं लिहावं, सी-१० असली तरी. अर्ध्या तासाचं काम आहे. एवढं केल्यावर खोक्याचे कोपरे खुशाल मोजावेत.