स्टेपनीवाचून प्रवास



अश्दोदच्या एका भगिनींनी पत्राने विचारले आहे की, त्यांच्या यजमानांनी नुकत्याच घेतलेल्या मोटारीच्या डिकीतील फळी उचलून पाहिली, तो खाली जादा चाक नव्हतेच; एक बाटली व एक लहानसे यंत्र तेवढे निघाले. विक्रेत्याने फसविले की काय?

फसविले नाही. हल्ली अनेक नव्या मोटारी अशाच येतात. चाक, जॅक आणि पाना मिळून पंधरावीस किलो वजन होते. ते गेले की इंधन थोडे वाचते. हायब्रिड आणि विजेवर चालणाऱ्या गाड्यांत पुष्कळदा ती जागा बॅटरी अडविते. कारखानदाराचा खर्चही वाचतो; हे शेवटचे कारण माहितीपत्रकात छापीत नाहीत, एवढेच.

ज्याला आपण भारतात असल्यापासून ‘स्टेपनी’ म्हणतो, त्याचे नाव वेल्समधील लॅनेली गावच्या एका रस्त्यावरून पडले आहे. तेथील स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंचे लोखंडी सामानाचे दुकान होते. त्या काळच्या मोटारी जादा चाकाविनाच विकल्या जात. म्हणून 1904 मध्ये या बंधूंनी, हवा भरलेला टायर चढविलेली आरे नसलेली धाव तयार केली. ती पंक्चर झालेल्या चाकालाच बाजूने आवळून बसवीत. इंग्लंडात तो शब्द मागे पडला, पण आपल्या तोंडी राहिला. तशीच गंमत हिब्रूची. शुद्ध शब्द ‘तेकेर’ असला तरी बाजारात सर्वजण इंग्रजीवरून आलेला ‘पंचर’च म्हणतात, दुकानाला ‘पंचरिया’ म्हणतात, आणि लग्नाचा मांडव ऐन वेळी कोसळला तरी तोही पंचरच! नव्याने आलेल्या आपल्या आजीआजोबांना हा एक शब्द तरी शिकावा लागला नसेल.

आता त्या बाटलीविषयी. तिच्यात चिकासारखा दाट द्रव असतो. तो टायरमध्ये सोडून यंत्राने हवा भरली की लहान भोक आतून बुजते. लहान म्हणजे खिळ्याचे, साधारण चार ते सहा मिलिमीटरपर्यंतचे, आणि तेही टायर जेथे रस्त्याला टेकतो त्या भागातले. टायरची बाजू फाटली असेल, किंवा तो धावेवरून सुटला असेल, तर बाटलीचा काडीइतका उपयोग नाही. द्रव वाहून जातो आणि हात तेवढे चिकट होतात. यंत्राची तार गाडीच्या बारा व्होल्टच्या छिद्रात लावून, इंजिन चालू ठेवून हवा भरावी. दहा मिनिटांत हवा 26 पौंडांपर्यंतही चढत नसेल, तर इजा मोठी आहे असे समजून थांबावे. यंत्र तापवून जाळण्यात अर्थ नाही. हवा चढली तर लगेच निघून पाचसात किलोमीटरवर पुन्हा मोजावी, ताशी 80 किलोमीटरच्या वर जाऊ नये, आणि वाटेतली पहिली पंचरिया गाठावी. तेथे ‘आत द्रव सोडला आहे’ हे आधीच सांगावे, म्हणजे कारागीर टायर जपून उघडील.

खिळा दिसला तरी उपटू नये. ट्यूबच्या जमान्यात पंक्चरवाला ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे शोधी, ते दृश्य आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. आजच्या टायरला ट्यूब नसते, व रुतलेला खिळाच पुष्कळदा बुचाचे काम करतो. हवा इतकी हळू जाते की भरभरून जवळचे गाव गाठता येते.

काही महाग गाड्यांना टणक बाजूंचे टायर असतात. हवा गेली तरी ते गाडीचा भार पेलतात. साधारणतः 80 किलोमीटर अंतर, तेही ताशी 80 च्या आत. तेल अवीवच्या आसपास हे पुष्कळ झाले. पण दिमोनाहून एलात सुमारे 200 किलोमीटर आहे, आणि अरावातील त्या रस्त्यावर आपल्या मापाचा टायर मिळणे कठीण. मोटार बनविणाऱ्याने युरोपातील गावे नजरेसमोर ठेवून हिशेब केला. आपला हिशेब आपल्यालाच केला पाहिजे.

दिमोनाचे एक कुटुंब उन्हाळ्यात एलातला लग्नास निघाले होते. विसाव्यासाठी गाडी रस्त्याखाली घेताना एका धारदार दगडाने टायरची बाजू चिरली. बाटली निरुपयोगी ठरली. गाडी उचलून नेणारा ट्रक दोन तासांनी आला. पण चालकाशेजारी जागा दोघांची आणि माणसे पाच, त्यांत एक ऐंशी वर्षांची आजी. बाभळीच्या विरळ सावलीत, पाण्याच्या दोन बाटल्यांवर त्यांनी ते दोन तास काढले होते. अखेर येणाऱ्याजाणाऱ्यांनी आजीला व मुलांना आपल्या गाडीत घेतले. म्हणून मदत मागताना माणसे किती आहेत हे प्रथम सांगावे, आणि माणशी निदान तीन लिटर पाणी बरोबर ठेवावे.

खरा धोका मात्र टायरचा नसून रस्त्याच्या कडेचा आहे. चाक बसले की ब्रेक करकचून दाबू नये; सुकाणू घट्ट धरून गाडीचा वेग आपोआप उतरू द्यावा व शक्य तितके उजवीकडे जावे. धोक्याचे दिवे लावावेत. उतरण्यापूर्वीच चमकणारे पिवळे जाकीट अंगात घालावे. ते डिकीत नव्हे, बसण्याच्या जागेजवळ असावे. इतर सर्वांनी कठड्यापलीकडे उभे राहावे. रहदारीच्या बाजूचे चाक असेल तर महामार्गावर त्याला हात लावू नये. एका टायरसाठी धावत्या ट्रकांकडे पाठ करून बसणे हा शहाणपणा नव्हे, मग धाव वाकली तरी चालेल.

मदतीसाठी विम्याबरोबर घेतलेल्या रस्ता-सेवेचा कागद घरीच वाचून ठेवावा. काही करारांत ‘चाक बदलून देऊ’ असे असते. चाकच नसेल तर काय, हे पुढच्या बारीक अक्षरांत सापडते. ‘येदिदीम’ या संस्थेचे स्वयंसेवक 1230 या क्रमांकावर बोलाविल्यास विनामूल्य येतात. आपल्या वडीलधाऱ्यांना परक्याला त्रास देण्याचा संकोच वाटतो व ते भर उन्हात स्वतःच वाकून बसतात. त्यांना हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून द्यावा. शुक्रवारी दुपारनंतर मात्र बहुतेक पंचरिया बंद होतात. तेव्हा शब्बातसाठी दूर जायचे असेल तर टायर गुरुवारीच पाहावेत: गाडी थंड असताना, चालकाच्या दाराच्या चौकटीवरील आकड्यांप्रमाणे. हवा कमी असलेला टायर आपल्या उन्हाळ्यात तापून फुटतो. कित्येक पंक्चरे खिळ्याची नसून आळसाची असतात.

आणि अश्दोदच्या भगिनींना एवढेच: गावातच फिरणार असाल तर बाटली पुरे, मात्र तिच्यावरील मुदतीची तारीख पाहा, चारपाच वर्षांनी ती बदलावी लागते. नेगेवमध्ये माहेर असेल तर चाक विकत घ्या. पुष्कळ गाड्यांत फळीखाली त्याचा खड्डा तसाच असतो. अरुंद चाक स्वस्त पडते, पण तेही ताशी 80 च्या आतच चालवावे. गाडीच्याच मापाचे, तितक्याच नटांचे पाहून घ्या, आणि जॅक व पाना विसरू नका. चाक नसलेल्या गाडीबरोबर बहुधा तेही येत नाहीत.

पुढील अंकी बॅटरीविषयी.