ज्या पुलाला ठेकेदार नव्हता

आळेफाट्याहून अहिल्यानगरकडे निघालं की बेल्हे सोडल्यावर गुळुंचवाडी लागते. तिथून पुढं आणे घाट. कांद्याचे ट्रक, एसट्या, लग्नाची वऱ्हाडं, सगळे या महामार्गानं जातात. घाटात आपली चाकं काही क्षण माणसानं न बांधलेल्या पुलावरून धावतात, हे त्यातल्या बहुतेकांच्या गावीही नसतं.

हा पूल ओढ्यानं केलाय. आपला काळा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर. पाण्यानं भेगा शोधल्या, खालचा ठिसूळ भाग झिजवत नेला आणि वरचा टणक थर कमानीसारखा राहिला. खाली उतरलात तर डोक्यावर कातळाचं छत, समोर ओढा आणि जवळच देवीचं देऊळ. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे हेही पाण्याचंच काम. दगडगोटे भोवऱ्यात गरगर फिरून कातळाला भोकं पाडतात.

मागच्या पावसाळ्यात गेलो तेव्हा पाणी चांगलं होतं. पडत्या धारेखाली पोरं रील काढत होती. कमानीखाली कुरकुऱ्यांच्या पिशव्या, बाटल्या, पत्रावळ्या. तेवढ्यात वरून अवजड गाडी गेली आणि मनात आलं, हा कातळ किती भार सोसतो हे कुणी मोजलंय का? हाच प्रश्न एका सरकारी कचेरीत विचारला. उत्तर मिळालं, 'ते आमच्याकडं येत नाही.' दुसऱ्या कचेरीनं पहिलीचं नाव सांगितलं.

मंडळी, हे हसण्यावारी नेऊ नका. १५ जून २०२५ ला तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीनं कोसळला. चार जीव गेले. तिथंही लोक नदीनं कोरलेला कातळ आणि पावसाळी पाणी बघायलाच आले होते. त्याआधी ३० जून २०२४ ला भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. दर वेळी आपण आधी हळहळतो, मग जमावबंदीचा आदेश येतो आणि सप्टेंबरात सगळं विसरतो.

बंदी हा सोपा उपाय आहे, पण त्यानं ना जागा वाचते, ना गावाला चार पैसे मिळतात. माझं म्हणणं साधं आहे. भूवैज्ञानिकांकडून कमानीची तपासणी करा. झाली असेल तर अहवाल गावच्या चावडीवर लावा. भार सोसत नसेल तर अवजड वाहनांचा रस्ता बाजूनं काढा. पावसाळ्याचे चार महिने गावातलीच चार पोरं पगारावर नेमा: पाणी वाढलं की लोकांना वर काढायला, कचरा उचलायला, आणि ही कमान कशी झाली ते सांगायला. पार्किंगची पावती ग्रामपंचायतीची असू द्या.

माणसानं बांधलेला पूल पडला तर नवीन टेंडर निघतं. इथं कुठल्या ठेकेदाराला बोलवणार?

जुन्नर-पारनेरकडच्या वाचकांनो, येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. ठराव झाला तर मला कळवा, पाठपुरावा करायची जबाबदारी माझी.