मोठे टायर : गिऱ्हाईकाची हौस आणि कारागिराची जबाबदारी

मुंबई-गोवा महामार्गावर पळस्पे फाटा मागे टाकला की कर्नाळ्याच्या अलीकडे शिरढोण लागते. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे हे जन्मगाव. पावसाळा सुरू झाला की शनिवार-रविवारी या रस्त्याने कोकणात उतरणाऱ्या मोटारींची रीघ लागते. २०११ साली पळस्पे ते इंदापूर या टप्प्याच्या रुंदीकरणाचे काम हाती घेतले गेले. ते किती वर्षे रेंगाळले आणि त्या काळात खड्ड्यांनी किती टायर खाल्ले, हे कोकणच्या माणसाला वेगळे सांगायला नको. अशा रस्त्यावर उंच, दणकट दिसणाऱ्या छोट्या जीपवजा गाड्यांची हौस वाढली, यात नवल नाही.

हौस गाडी घेऊन थांबत नाही. गिऱ्हाईक टायरच्या दुकानात येते आणि म्हणते, "कंपनीचे टायर काढा, जाड नक्षीचे मोठे टायर बसवा. गाडी कशी भारदस्त दिसली पाहिजे." सप्टेंबर २०२५ मध्ये टायरवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आल्याने ही मागणी करणाऱ्याचा हातही थोडा सैल झाला आहे. टायर, पंक्चर, गॅरेज या धंद्यांत आपले अनेक बांधव आहेत. म्हणून या प्रश्नाचा विचार या पानावर व्हावा, असे आम्हाला वाटते.

मोठे टायर बसवूच नयेत, असे आमचे म्हणणे नाही. आमचे म्हणणे इतकेच की, बसवण्यापूर्वी त्याचे बरे-वाईट गिऱ्हाईकाला सांगणे हे बसवणाऱ्याचे काम आहे. माल विकला, पैसे घेतले, आता तो जाणे आणि त्याचा रस्ता जाणे, ही वृत्ती या धंद्यात चालणार नाही. कारण येथे विकल्या जाणाऱ्या मालावर माणसांचे जीव स्वार झालेले असतात.

एक उदाहरण घेऊ. जून २०२३ मध्ये बाजारात आलेल्या मारुतीच्या जिम्नीला कंपनी १९५/८० आर १५ मापाचा टायर देते. याचा अर्थ टायरची रुंदी १९५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ८० टक्के आणि रिम १५ इंचांची. हिशेब केला तर पुऱ्या चाकाची उंची सुमारे ६९३ मिलिमीटर भरते. त्याजागी कोणी २३५/७५ आर १५ मागितला, तर ती ७३३ मिलिमीटरच्या वर जाते. म्हणजे चाक जवळजवळ ६ टक्क्यांनी मोठे झाले. पण गाडी उचलली जाते ती या वाढीच्या निम्मी, म्हणजे सुमारे २० मिलिमीटर. एका बोटाच्या रुंदीएवढी! कंपनीने २१० मिलिमीटर उंची दिलेल्या गाडीत एवढी भर घालण्यासाठी काय मोजावे लागते, ते आता पाहू.

चाक मोठे झाले की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते. मीटरचा काटा मात्र जुन्याच हिशेबाने चालतो. काटा ८० दाखवील, तेव्हा गाडी ८५ च्या आसपास असू शकते. कंपन्या मीटर थोडे वाढवूनच दाखवणारे ठेवतात, पण ती राखीव जागा मोठे टायर खाऊन टाकतात. दुसरी गोष्ट ब्रेकची. ब्रेक तेवढाच आणि चाक मोठे, म्हणून पायाचा दाब तोच असूनही रस्त्यावर पडणारा जोर कमी होतो. वरून जाड नक्षीचा टायर वजनाने भारी असतो. तो फिरवायला इंजिनाला जोर जास्त लागतो. गाडी चढावर मंदावते आणि पेट्रोल जास्त पिते.

तिसरी गोष्ट आपल्या पावसाची. चिखलासाठी केलेल्या टायरचे ठोकळे मोठे आणि त्यांच्यामधल्या फटी रुंद असतात. चिखलात ती फट चिखल बाहेर फेकते, म्हणून टायर पकड घेतो. पण ओल्या डांबरावर किंवा काँक्रीटवर टेकणारे रबर त्यामुळे कमी होते आणि गाडी थांबायला जास्त अंतर घेते. शिरढोणवरून जाणारे गिऱ्हाईक चिखलात जाते ते वर्षातून दोन-चार दिवस, आणि ओल्या पक्क्या रस्त्यावर चालवते ते चार महिने. हा हिशेब त्याच्यापुढे कोण मांडणार?

चाक बसत नाही म्हणून आतले प्लास्टिकचे अस्तर कापणे, पत्रा ठोकणे, रिमच्या मागे जाड चकती घालून चाक बाहेर काढणे, हे प्रकारही सर्रास होतात. चाक बाहेर गेले की बेअरिंगवरचा ताण वाढतो. स्टेपनी जुन्याच मापाची ठेवली, तर फोर व्हील ड्राइव्ह गाडीत तो वेगळाच धोका. चारही चाके जोडून पक्क्या रस्त्यावर गाडी चालवली आणि एक चाक लहान निघाले, तर सगळा ताण गिअरच्या सांगाड्यावर येतो. म्हणून टायर बदलायचे तर पाचही बदलावे लागतात, हे दर सांगतानाच बोलले पाहिजे.

कायद्याकडेही दुर्लक्ष नको. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ सांगते की, नोंदणीतील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. टायरचा प्रत्येक बदल यात मोडतोच असे नाही, पण सांगाडा कापणे आणि गाडी उचलणे या गोष्टी सहज त्या कक्षेत येतात. बदल विमा कंपनीला कळवलेला नसेल, तर अपघातानंतर दाव्यात वाद निघतो तो वेगळाच. त्या वेळी गिऱ्हाईक बोट दाखवते ते आपल्याच दुकानाकडे.

मग कारागिराने करावे काय? आमच्या मते, पहिला सल्ला मूळ मापातल्याच, कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांवर चालणाऱ्या टायरचा द्यावा. बहुतेकांचे काम त्यात भागते. मोठा हवाच असेल, तर फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवावा. जिम्नीलाच २१५/७५ आर १५ घातला, तर फरक दीड टक्क्याच्या आसपास राहतो. टायरवर आय.एस.आय. चिन्ह पाहावे. भाराचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी नसावा. ९६ हा आकडा एका टायरवर ७१० किलो सांगतो. वेगाचे अक्षरही वाचावे. 'एस' म्हणजे ताशी १८० किलोमीटर, 'क्यू' म्हणजे १६०. शेवटचे चार आकडे बनावटीचा आठवडा आणि साल सांगतात. ३५२५ म्हणजे २०२५ चा पस्तिसावा आठवडा. टायर बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून आणि गाडीत माणसे बसवून चाक कोठे घासते का ते पाहावे. आणि जुने माप, नवे माप, दिलेली सूचना, सर्व बिलावर लिहून द्यावे.

यावर आमचे काही बंधू म्हणतील, "एवढे बोलत बसलो तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल." जाईल, काही जाईल. पण मालातला दोष झाकून विकू नये, ही आपल्याला लहानपणापासून मिळालेली शिकवण केवळ धान्याच्या ढिगासाठी नाही. ती टायरलाही लागू आहे. शिवाय व्यवहाराच्या दृष्टीनेही पाहा. पाच टायरांचा नफा एकदाच मिळतो. ज्याच्या शब्दावर विसंबून माणूस बायका-पोरांना घेऊन घाट उतरतो, त्या दुकानाकडे तो दर पावसाळ्यापूर्वी येतो, भावाला पाठवतो, शेजाऱ्याला पाठवतो.

महामार्ग रुंद होईल, गाड्या बदलतील, हौशी बदलतील. रस्त्याकडेच्या दुकानात पान्हा हातात धरून उभ्या असलेल्या माणसाने "हे बसेल, पण तुमच्या कामाचे नाही" असे म्हणण्याची हिंमत ठेवली, तर त्याची रोजी आणि गिऱ्हाईकाचा जीव, दोन्ही सुखरूप राहतील. आमच्या कारागीर बंधूंनी याचा विचार करावा.