मुंबईचा मुक्काम व एक नवें वाचनयंत्र

सुट्टींत शहरास जावें तें दुकानें व देखावे पाहण्यासाठीं, असा सर्वसाधारण समज आहे. आमच्या मतें शहराचा खरा उपयोग हा, कीं जुनें व नवें तेथें शेजारीं शेजारीं पाहावयास मिळतें आणि दोहोंची तुलना करण्यास सवड सांपडते. गेल्या दिवाळींत चिरंजीवांच्या आग्रहावरून आम्ही सपत्नीक आठ दिवस पार्ल्यास राहून आलों. त्या मुक्कामांत एक जुनें ग्रंथालय व एक नवें यंत्र आम्हीं पाहिलें. त्यांविषयीं सुज्ञ वाचकांशीं चार शब्द बोलावे असें मनांत आहे.

ग्रंथालय म्हणजे कोटांतील टाउन हॉलामधील एशियाटिक सोसायटीचें. ही संस्था इ. स. १८०४ सालीं स्थापन झाली व टाउन हॉलाची इमारत १८३३ सालीं पुरी झाली. समोरच्या तीस पायऱ्या चढतां चढतां साठी उलटलेल्या गुडघ्यांची परीक्षा होते खरी. परंतु आंत गेल्यावर उंच कपाटें, लांब मेजें व वृत्तपत्रांत गढून गेलेली वृद्ध मंडळी पाहून शीण उतरतो. मात्र तेथें एक जुना ग्रंथ उघडला, तों त्यांतील बारीक टीपा आम्हांस चष्मा लावूनही वाचवेनात. अलीकडे रात्रीचें वाचन आम्हीं जवळ जवळ सोडलेंच होतें. जन्मभर अक्षरांवर पोट भरलेल्या मनुष्यास हें दुःख केवढें, हें निराळें सांगावयास नको.

घरीं आल्यावर ही गोष्ट सहज निघाली. तेव्हां सूनबाईंनीं पाटीएवढी एक काळी वस्तु आमच्या हातीं दिली. "बाबा, यांत अक्षर हवें तेवढें मोठें होतें. दोन दिवस वाचून तर पाहा," असें त्या म्हणाल्या. ती वस्तु म्हणजे किंडल नांवाचें वाचनयंत्र. वजन सुमारें दोनशें ग्राम, आणि पोटांत हजारों पुस्तकें मावण्याची सोय. आम्हांस प्रथम वाटलें, हा मोबाइलचाच थोरला भाऊ. पण दिवा मालवून सज्जांत उन्हांत धरलें, तों अक्षर अधिकच स्पष्ट दिसूं लागलें!

याचें कारण चिरंजीवांनीं समजावून सांगितलें. पडद्याखालीं केसाच्या जाडीएवढ्या असंख्य कुप्या असतात. त्यांत पांढरे व काळे कण असून दोहोंवर विरुद्ध प्रकारचा विद्युद्भार असतो. विजेच्या योगानें जेथें काळे कण वर येतात तेथें अक्षर उमटतें, व पांढरे वर येतात तेथें कागद दिसतो. एकदां उमटलेलें पान वीज न घेतां तसेंच राहतें. म्हणून एकदां भरलेली विजेरी कित्येक दिवस पुरते. या विद्येसाठीं ई इंक नांवाची कंपनी अमेरिकेंत १९९७ सालीं निघाली, व पहिलें किंडल २००७ सालीं विक्रीस आलें. तीन रात्रींत आम्हीं एक मराठी चरित्र वाचून संपविलें. मात्र जुन्या ग्रंथांचीं नुसतीं छायाचित्रें यांत घातलीं, तर पान पडद्यांत मावावयाचें म्हणून अक्षर उलट बारीक होतें, व तें मोठें करावें तर ओळ पडद्याबाहेर जाते.

आमच्या एका स्नेह्यांनीं हें ऐकून नाक मुरडलें. त्यांस आम्ही एवढेंच सांगतों, कीं छापील पुस्तकाचीही एके काळीं हीच गत होती. गोविंद नारायण माडगांवकर यांच्या १८६३ सालच्या 'मुंबईचें वर्णन' या ग्रंथांत, छापील कागदास शिवण्यास भिणाऱ्या ब्राह्मणांचा उल्लेख आहे. शाईंत चरबी असते ही त्यांची शंका. म्हणून तुपाची शाई करून धर्मग्रंथ छापल्याची हकीकतही सांगतात. त्याच छापील पोथ्या आज आपल्या देवघरांत आहेत.

तेव्हां नवेपणा हा दोष नव्हे. आमचा आक्षेप निराळा आहे. या यंत्रांतील पुस्तकाचे पैसे दिले, तरी बहुधा विकत मिळतो तो वाचण्याचा परवाना, पुस्तक नव्हे. २००९ सालीं एका विक्रेत्यास हक्क नव्हता म्हणून अॅमेझॉननें जॉर्ज ऑर्वेल यांच्या '१९८४' या कादंबरीच्या विकलेल्या प्रती अमेरिकेंतील वाचकांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतल्या. पैसे मात्र परत केले. आमच्या घरीं वडिलांचें निर्णयसागरी 'रघुवंश' आहे. त्याच्या समासांत त्यांच्या हातच्या टिपा आहेत. त्यांवरून आम्ही शिकलों, आमच्यावरून चिरंजीव शिकले. तें काढून नेण्याचा अधिकार कोणासही नाहीं.

दुसरेंही एक आहे. फडताळांतलें पुस्तक मुलांस दिसतें. कुतूहलानें तें एखादे दिवशीं खालीं काढलें जातें. यंत्रांतलें पुस्तक दिसतच नाहीं. आजोबा काय वाचतात हें नातवास कळलें नाहीं, तर त्यास तें वाचावेंसें तरी कां वाटावें?

म्हणून आम्हीं घरापुरता एक नियम केला आहे. ज्यांच्या डोळ्यांस बारीक अक्षर सोसत नाहीं त्यांनीं यंत्र अवश्य वापरावें. त्यांत मानापमान मानूं नये. परंतु यंत्रावर वाचलेलें जें पुस्तक पुन्हां वाचावेंसें वाटेल, त्याची छापील प्रत घेऊन फडताळांत ठेवावी. आणि रात्रीं जेवणें झाल्यावर अर्धा तास कोणीतरी मोठ्यानें वाचावें व इतरांनीं ऐकावें. तें वाचन कागदावरून झालें काय कीं यंत्रावरून झालें काय, ऐकणाऱ्यांस सारखेंच.