सील कोणी तपासले?

मालडब्याचे सील तुटलेले दिसले तर गार्डने, म्हणजे आजच्या ट्रेन मॅनेजरने, आधी त्याची नोंद करायची, असे जुने लोक आपल्याला शिकवून गेले. आर.एम.एस.मधला आपला बंधूही सील पाहिल्याशिवाय थैली उघडत नाही. नोंद राहून गेली आणि आत माल कमी निघाला, तर दोष कोणाच्या माथी येतो हे सांगायला नको. हाच साधा नियम आता संगणकाला लावण्याची वेळ आली आहे.

शाखांच्या बैठकांतून एक प्रश्न आम्हांला वारंवार विचारला जातो. पाळतीचे सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका कंपनीचा प्रोग्राम फुटला आणि माणसाच्या संगणकात घाणेरड्या फिती घुसवून त्याला अडकवण्याची सोय त्यात सापडली, हे खरे काय? एका ठिकाणी तर एवढ्याच बातमीच्या जोरावर चार्जशीटला उत्तर लिहिण्याची तयारी झाली होती. तेव्हा त्यात खरे किती आणि समजूत किती, हे नीट पाहू.

हे प्रकरण इटलीतील मिलान शहरातल्या 'हॅकिंग टीम' या कंपनीचे. देशोदेशींच्या पोलीस आणि गुप्तचर खात्यांना ती 'रिमोट कंट्रोल सिस्टिम' नावाचे सॉफ्टवेअर विकत असे. ते एकदा संगणकात किंवा फोनमध्ये शिरले की पत्रे, संभाषणे, फाइली असे सारे पाळत ठेवणाऱ्याच्या हाती जाई. इथिओपिया, सुदान यांसारखी सरकारे तिची गिऱ्हाइके होती. जुलै २०१५ मध्ये याच कंपनीच्या संगणकांत कोणीतरी शिरले आणि पत्रव्यवहार, बिले व प्रोग्रामचा मूळ मजकूर असा सुमारे ४०० गिगाबाइटचा ऐवज त्याने जगापुढे टाकला. दुसऱ्याच्या घरात डोकावणाऱ्याचे घर उघडे पडले.

त्या मजकुरात, पुरावा म्हणून येणाऱ्या फाइलींसंबंधीच्या भागात, तीन फाइलींची नावे सापडली. दोन लहान मुलांच्या अश्लील चित्रफितींची आणि तिसरे बॉम्बच्या आराखड्याचे. झाले! सॉफ्टवेअर ह्याच फाइली लोकांच्या संगणकात ठेवते, असा अर्थ पुष्कळांनी काढला.

पण जाणकारांनी पुढच्यामागच्या ओळी वाचल्या तेव्हा वेगळे दिसले. तो भाग सावजाच्या संगणकात बसणारा नव्हता. गोळा झालेला पुरावा जिथे येतो, त्या बाजूचा तो होता. खरी माहिती दिलेली नसेल तर तीनपैकी कोणतेही एक नाव चिठ्ठी काढल्यासारखे उचलावे, एवढेच त्या ओळी सांगत होत्या. फाइलींच्या मार्गात वापरणाऱ्यांची नावे होती 'पिप्पो' आणि 'प्लुतो'. डिस्नेच्या चित्रांतल्या गूफीला इटलीत पिप्पो म्हणतात आणि तिकडचे प्रोग्रामर अमुक-तमुकच्या जागी ही नावे सर्रास लिहितात. नमुन्याच्या फॉर्मवर आपण 'अ. ब. क., राहणार अमुक' लिहितो, तसाच हा प्रकार. नमुन्यासाठी असली नावे सुचावीत यावरून त्या मंडळींची मनोवृत्ती कळते. पण नमुन्याच्या फॉर्मवरून कोणाला अडकवल्याचे सिद्ध होत नाही.

मग कंपनी निर्दोष म्हणायची काय? मुळीच नाही. दूरवर बसून समोरच्या संगणकात फाइल पाठवण्याची आणि ती चालवण्याची सोय या सॉफ्टवेअरमध्ये होतीच. ज्याला फाइल काढून घेता येते आणि ठेवताही येते, त्याने आणलेला पुरावा डोळे मिटून कसा मानायचा? संशयाची खरी जागा ती तीन नावे नसून ही सोय आहे. आपण चुकीच्या ओळीवर बोट ठेवले की समोरचा ती ओळ खोडून काढतो आणि तिच्याबरोबर आपला खरा मुद्दाही वाहून जातो. इन्क्वायरीत हे आम्ही अनेकदा पाहिले आहे.

असा संशय तपासायचा कसा, याचे उदाहरण पुण्यात दाखल झालेल्या भीमा कोरेगाव खटल्यात आहे. आरोपी रोना विल्सन यांच्या संगणकाची प्रत बचाव पक्षाने अमेरिकेतील 'आर्सेनल कन्सल्टिंग' या संस्थेकडून तपासून घेतली. फेब्रुवारी २०२१ मध्ये बाहेर आलेल्या तिच्या अहवालानुसार जून २०१६ पासून २२ महिने तो संगणक 'नेटवायर' या घुसखोर प्रोग्रामच्या ताब्यात होता. आरोपाला आधार असलेली दहा पत्रे बाहेरून एका लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवली गेली आणि ती तिथे उघडली गेल्याची खूण सापडली नाही. तपास यंत्रणेने हे निष्कर्ष मान्य केलेले नाहीत आणि शेवटचा शब्द न्यायालयाचा. पण पद्धत पाहा. फाइल कोणत्या दिवशी, कोणत्या वाटेने आली आणि कोणी उघडली, याचा माग काढला गेला.

ब्रिटनमधल्या पोस्टाच्या बंधूंनी तर याची मोठी किंमत मोजली. 'होरायझन' या संगणक प्रणालीने दाखवलेल्या खोट्या तुटीवरून ९००हून अधिक उपपोस्टमास्तर दोषी ठरले, काही तुरुंगात गेले. बाहेरून हिशेबात कोणी हात घालू शकत नाही, असे पोस्टाचे व्यवस्थापन वर्षानुवर्षे सांगत राहिले. तसा हात घालता येत होता, हे २०१९च्या निकालात सिद्ध झाले. शिक्षा सरसकट रद्द करणारा कायदा व्हायला मात्र २०२४ साल उजाडले.

आपण काय करायचे? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे संगणकीय पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते आणि त्यात 'हॅश' आकडा द्यावा लागतो. फाइलीतले एक अक्षर बदलले तरी हा आकडा बदलतो. हेच संगणकाचे सील. जालन्याच्या निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येच बजावले होते की, मूळ यंत्र हजर केले नसेल तर प्रमाणपत्र हवेच. खातेनिहाय चौकशीला साक्षीचा कायदा काटेकोरपणे लागत नाही हे खरे, पण नैसर्गिक न्याय तर लागतो. म्हणून नुसता स्क्रीनशॉट आर.यू.डी. म्हणून जोडलेला असेल तर डिफेन्स हेल्परने लेखी विचारावे : मूळ यंत्र कुठे आहे? कोणासमक्ष, कोणत्या तारखेला ताब्यात घेतले? हॅश केव्हा काढला? त्या वेळी त्या युजर आयडीवर कोण काम करीत होते?

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. सील लावल्यानंतर माल बदलला की नाही, एवढेच सील सांगते. लावण्याआधी आत काय कोंबले गेले, ते सांगत नाही. त्यासाठी यंत्राची प्रत मागून स्वतंत्र जाणकाराकडून तपासून घ्यावी लागते आणि तो खर्च एकट्या कामगाराला झेपणारा नाही. तिथे युनियनने उभे राहायचे आहे. आणि कामगारानेही आपला पासवर्ड, साहेब मागोत की सोबती मागो, कोणाला देऊ नये. घाईच्या वेळी दिलेल्या पासवर्डाचा जाब पुढे आपल्यालाच द्यावा लागतो.

ऐकीव बातमीवर आरोळी ठोकू नका आणि संगणकाचा कागद पुढे आला म्हणून मानही खाली घालू नका. आधी सील पाहा, नोंद करा, मगच सही करा.